पेव

अकरा महिने रोज रात्री साडेनऊला
स्क्रीनच्या कोपऱ्यात हिरवी टिकली यायची:
बॅकअप यशस्वी.
मी दिवे घालवायचे, शटर ओढायचे.
यशस्वी म्हटल्यावर कोण विचारतं, कशात?

गुरुवारी यार्डात सौदे सुरू,
बाहेर राजापुरी हळदीचे ढीग,
आणि माझ्या टेबलाखालून
टक्. टक्. थांबून, टक्.
शंकेची पाल मनात चुकचुकते म्हणतात,
माझी खोक्यात चुकचुकत होती.

चौगुलेशेठना म्हटलं, नेट गेलंय.
हे काही पहिलं खोटं नव्हे.
नऊ दिवस पिवळी पाटी येत होती,
डिस्कची तब्येत बरी नाही,
आणि नऊ दिवस मी दाबत होते
नंतर आठवण करा.
केली तिनं.

इलियास मुजावर मिरजेहून स्कूटरवर आला,
पिशवीत स्क्रू ड्रायव्हर, रंगकामाचा एक ब्रश.
खोकं उघडलं, तर पंख्याच्या पात्यांवर
बोटभर पिवळी पूड.
"मगदूममॅडम, हळद तर लागली," म्हणाला,
"अक्षता कधी?"
मला हसू आलं नाही. मग आलं.

त्याचे मामा तंबोऱ्यांची जवारी काढतात.
यालाही लहानपणी कानस देऊन बसवलं होतं,
टिकला नाही. कान तेवढा राहिला.
डिस्कला तो लावून डोळे मिटले त्यानं,
बाहेर हमाल ओरडत होते, त्यांना हातानंच गप्प केलं.
"सुई जागा शोधतेय, बसत नाही.
आता चालू करू नका. एकदाही.
दर वेळी थोडं खरवडलं जातं.
सकाळपासून किती वेळा केलंत?"
सात वेळा केलं होतं.
चार सांगितलं.

मग बॅकअपची डिस्क उघडली.
तिच्यावर मी क्रोशाचा रुमाल घालत असे.
दोनशे सत्याऐंशी फोल्डर,
प्रत्येकावर तारीख,
प्रत्येकात काही नाही.
पाडव्याला मशीन नव्यानं भरलं तेव्हा
डीचा ई झाला होता,
आणि हा बिचारा रोज रात्री
जुन्याच दारात जाऊन
रिकामं घर नीट मोजायचा,
शून्य न चुकता उतरवून घ्यायचा
आणि यशस्वी म्हणायचा.
खोटं तो बोलत नव्हता.

माझे वडील हरिपूरला पेवांवर कामाला होते.
जमिनीत विहिरीएवढी कोठी, तोंड लिंपलेलं,
आत कुणाकुणाची हळद, वर्षानुवर्षं.
तोंड फोडलं की लगेच उतरायचं नाही.
दोरीला बांधून कंदील सोडायचा.
विझला, तर काठावर बसून राहायचं.
जळत राहिला, तरच माणूस.
लिंपण बघून आतली हळद कळत नाही, म्हणायचे.
मी लिंपण बघत होते,
हिरवं, गोल, रोज साडेनऊला.

शेठना तिसऱ्या दिवशी सांगितलं.
ते काही बोलले नाहीत.
चहा सांगितला. दोन.

सोळा दिवसांनी इलियास नवी डिस्क घेऊन आला.
चार हजार एकशे अठरा फायली,
नाव एकीलाही नाही, नुसते आकडे.
"माल वाचला," म्हणाला, "लेबलं गेली."

रोज साठ उघडते आणि नावं ठेवते.
त्यांना, आणि मधूनमधून स्वतःला.
एक ट्रकच्या भाड्याची पावती निघते,
एक करविवरण, अर्ध्यातून खाली राखाडी,
एक फोटो: वजनकाट्यावर शेठचा नातू,
चौदा किलो दोनशे.
परवा माझाच राजीनामा निघाला,
सहा वर्षांपूर्वीचा, न दिलेला.
तेव्हा कुठल्या नावाखाली लपवला होता, आठवेना.
त्याचा आकडा तसाच ठेवलाय.

आता साडेनऊला टिकली येते.
मी बसून राहते.
बॅकअपमधली कुठलीही एक फाईल
डोळे झाकून निवडते,
दुसऱ्या जागी उतरवते, उघडते.
इलियास म्हणाला, रोज नको एवढं, आठवड्यातून पुरे.
पुरे असेल.

आज काट्यावरचा नातू आला.
चौदा किलो दोनशे.
शटर ओढलं.