आभारपत्राचा चौथा मसुदा

आदरणीय मिसेस प्रुइट,
शिष्यवृत्ती मिळालेल्यांनी दर नोव्हेंबरात तुम्हाला पत्र लिहायचं,
एक पान, स्वच्छ अक्षर,
आणि वर्गाबाहेर काय शिकलात ते जरूर कळवायचं,
असं ऑफिसातल्या बाईंनी बजावलंय.

तर वर्गाबाहेर.

कुठल्या मजल्यावर कुठल्या फर्मचं व्याख्यान,
पिझ्झा किती वाजता येतो,
आणि उरलेले दोन तुकडे कागदी रुमालात गुंडाळून
पाठपिशवीत कसे ठेवायचे
की करारकायद्याला तेल लागू नये.
लागतंच. पान दोनशे बारा पारदर्शक झालंय,
त्यातून पुढचा खटला दिसतो.

मुलाखतीसाठी काळा कोट विकत घेतला,
लेबल आत दुमडून घातला, दुसऱ्या दिवशी परत केला.
दुकानातली डोरीन तिसऱ्या खेपेला म्हणाली,
झालं का काम?
मी म्हटलं, नाही.
तिने पैसे मोजून दिले, पावतीकडे पाहिलंसुद्धा नाही.

रात्री अकरा ते दोन मी ग्रंथालयात पुस्तकं लावते.
फरशी पुसायला टेरेल असतो.
बहिणीचं पोर त्याला स्वतःपाशी ठेवायचंय.
त्याने जे विचारलं त्याचं उत्तर मला येईना,
आणि त्याच दुपारी त्याच विषयात
मला पैकीच्या पैकी पडले होते.

शनिवारी लेक्सिंग्टन सोडून
प्राध्यापिकेच्या गाडीतून आम्ही चौघं डोंगरात जातो.
त्या रस्त्याची वळणं मला डोळे मिटून येतात,
हे मी बाकीच्यांना सांगितलेलं नाही.
सुनावणी भरते मोटेलच्या बैठकीच्या खोलीत,
शेजारच्या तलावाचा क्लोरीनचा वास,
मध्येच एखादं मूल ओल्या पायांनी दार उघडतं.

ऑर्विल स्लोन, वय एकसष्ट,
त्यातली एकतीस जमिनीखाली.
नर्स म्हणाली होती फुंका, अजून, अजून, अजून,
आणि पडद्यावरची रेघ
जिना चढून दमलेल्या माणसासारखी पहिल्याच पायरीवर बसली.
त्याच्या छातीचा एक्स-रे दोन डॉक्टरांनी वाचला.
एकाला धूळ दिसली.
दुसऱ्याला दिसली नाही, त्याचं बिल कंपनीने भरलंय.
कंपनीचं नाव चौकट नऊमध्ये मीच लिहिलं,
कुणाला विचारावं लागलं नाही,
माझ्या फीच्या पावतीवर तेच असतं.

पहिल्या मसुद्यात हे नव्हतं.
दुसऱ्यात लिहून खोडलं.
तिसरा मारिसोलने वाचला, माझ्या खोलीतली.
म्हणाली, पैसे घे आणि गप्प बस.
मग म्हणाली, नको, गप्प बसू नकोस.
मग दिवा घालवून झोपून गेली.

खाल्ल्या मिठाला जागावं, खरंय.
पण मीठ कुणाचं?
ऑर्विलच्या बायकोने, वँडाने,
फॉइलमध्ये बांधून दिलेल्या घेवड्यात जरा जास्तच होतं.
तुमच्याकडच्या मेजवानीत सूप अळणी होतं.
आणि तिथे, चार चमच्यांपुढे मी अडले होते तेव्हा,
तुम्ही माझ्याकडे न पाहता
तुमचा चमचा उचललात, सावकाश,
मला दिसेल असा.

ते मी विसरले असते
तर हे पत्र केव्हाच लिहून झालं असतं.

मी मिंधी नाही, मिसेस प्रुइट. ऋणी आहे.
या दोन शब्दांमधली रेघ मी कलमांत शोधली,
सापडली नाही.

निकाल अजून लागायचाय.
ऑर्विल फोन करतो, फारसं बोलत नाही.
मी त्याचे श्वास ऐकते
आणि वहीत तारीख-वेळ टाकून ठेवते.

पान संपत आलं.

आपली,
ट्विला फ्यूगेट

ता. क. कोट या वेळी परत केला नाही.
लेबल कापून टाकलं.
सुनावणीला लागेल.