धावदोरा

सुनेनं गळ्याशी शेवटचं बटण दाबलं,
टच्च.
म्हणाली, आई, आता श्वास घ्या.
घेतला. अर्धाच मावला.

रंग चिंतामणी.
स्पोकेनमध्ये याला कोणी चिंतामणी म्हणत नाही,
पण तीन वर्षांपूर्वी मी साडीचा काठ पुढे केला होता
आणि ङ्वेतबाईंनी तो डोळ्यांशी नेऊन
मान हलवली होती: कळलं.

ङ्वेत. थाओची आई, माझी विहीण.
शाळेच्या तक्त्यावर ङ च्या चौकोनात चित्र नसायचं.
बाई म्हणायच्या, हे नुसतं म्हणायचं, याचं काही येत नाही.
बासष्टाव्या वर्षी आलं:
गोल चेहरा, कानामागे पेन्सिल,
आणि नावाचा अर्थ चंद्र.

त्या दिवशी मुलं कॉफी आणायला गेली ती गेलीच.
मॅनिटो पार्कच्या तळ्याशी, बाकावर आम्ही दोघी,
समोर बदकं, आणि मधे एकही भाषा नाही.
मी मागच्या खडकाकडे बोट दाखवलं,
हा काळा कातळ आमच्या कऱ्हाडकडचाच आहे हो.
तीही तेवढंच लांब काहीतरी म्हणाली.
मग पर्समधून रीळ काढलं
आणि दोऱ्यानंच माझं माप घ्यायला लागली, भर बागेत.
खांद्याला एक गाठ, छातीला दोन,
कमरेशी आली तेव्हा दोरा संपला
आणि आम्ही इतक्या हसलो की बदकं उठली.

मला ती चि-सुई म्हणायची.
मला वाटे, स्वतः शिवते म्हणून सुई.
थाओनं नंतर सांगितलं,
अहो आई, चि-सुई म्हणजे विहीणबाई.

जानेवारीत ती गेली.
हा आओ दाय मशीनपाशी घडी घालून होता,
मागच्या पदराला नुसता धावदोरा,
पांढरा, लांब लांब टाक्यांचा,
उद्या पक्कं करू अशा बेताचा.
थाओ म्हणाली, टेलरकडे टाकते.
मी म्हटलं, राहू दे.

आज पुन्हा तेच तळं.
लायलॅक इतके फुललेत की वास घशात उतरतो.
वारा आला की दोन्ही पदर उडतात,
पुढचा एक, मागचा एक,
खांद्यावर मात्र काहीच नाही.
हात सारखा डाव्या खांद्याकडे जातो
आणि रिकामा परत येतो.
बाजूच्या चिरेतून कमरेचा सुपारीएवढा त्रिकोण उघडा.
सासूबाई असत्या तर...
असू दे.

समोरून टोपीवाली एक बाई आली, आमच्याच वयाची,
तिच्या भाषेत भराभरा काही बोलली.
मी हसले. ती वळसा घालून मागे गेली.
च्‌ च्‌ केलं.
लोंबता दोरा दाताखाली धरणार
तोच मी तिचं मनगट पकडलं.
माझ्याकडे पाहून तिनं पर्स उघडली.
"सुई!" माझ्या तोंडून निघालं,
आपली मराठीतली, साधी.
ती थबकली. "चि-सुई?"
आणि शोधू लागली,
बाकावर, तळ्याकडे, लायलॅकच्या झुडपांमागे,
कुठे आहे म्हणून.

मीही पाहिलं.

थाओ बाबागाडी सोडून धावत आली, दोन वाक्यं बोलली.
बाई गवतावर गुडघे टेकून बसली.
अंगावर कापड शिवू नये,
शिवलंच तर दातांत काडी धरावी.
खाली पडलेली लायलॅकची एक काडी उचलली, धरली.
कडू लागली.
ती पक्के टाके घालत होती,
धावदोरा न उसवता, त्याच्या शेजारून.
बदकं आली, बघून गेली.
थाओनं विचारलं, आई, ठीक आहात ना?

तोंडात काडी.
बोलता येईना.