सात मासे

दुकानाच्या फळ्या काढतो ना काढतो
तर पेंदोर मॅडम पायरीवर.
रुमालात तीन पितळी पुंगळ्या, तीन गोळ्या.
"दारू नाही यात, खरवडे काका.
फक्त तोलून द्या.
क्लब एकच काडतूस मागवणार आहे,
कोणतं, ते मला सांगायचंय सोमवारी."

लाइट गेलेली. बॅटरीचा काटा मुका.
म्हणून बाबांचा तराजू काढला,
डबीतल्या लाल गुंजा काढल्या,
काळ्या डोळ्यांच्या.
पस्तीस वर्षं बोरखेडीत मी सोनंच तोललं,
एकदा तेवढा एकाचा मुतखडा,
त्यानंच हौसेनं आणलेला.
तांब्याचं जाकीट घातलेलं शिसं
आजच पहिल्यांदा.

पहिली गोळी तीनशे आठची.
पारडं थांबलं: एक तोळा.
गुंज वर नाही, गुंज खाली नाही.
सवयीनं मी तोंडात बोट घातलं.
बाई म्हणाल्या, "हो, पण खांद्यालाही तोळाच कळतो.
वीस बार झाले की एकविसाव्याआधी
माझा डोळा आपोआप मिटतो.
मला नाही कळत. कागदाला कळतं."

दुसरी साडेसहाची, लांब चोचीची, बगळ्यागत.
नऊ मासे, वर अडीच गुंजांहून जरा जास्त.
"ही वाऱ्याचं फारसं ऐकत नाही.
पण नळी खाते लवकर.
नळी क्लबची,
नि क्लबचा खजिनदार माझा दीर."

तिसरी सहाची. पुंगळी बुटकी, खांदे रुंद,
कुस्ती सोडलेल्या पैलवानासारखी.
तिच्या तोंडात बसणारी गोळी:
सात मासे. नुसते सात.
मी म्हटलं, "बाई, एवढीशी हे सहाशे मीटर जाईन?"
"जाते ना. वाटेत वारा हात धरतो तिचा,
तेवढं आपण आधी ओळखायचं."

ओळखायचं कसं, ते रविवारी दाखवलं.
बंद पडलेली गिट्टी खदान, पलीकडे मातीचा उंच बांध,
एप्रिलची सकाळ, नऊलाच दगड तापलेले.
काठ्यांना बांधलेल्या शेवरीच्या कापसाच्या पुंजक्या
एक इकडे, एक तिकडे,
तिसरी जागच्या जागी लटकलेली.
मधे मृगजळ, उकळत्या पाकासारखं.
सिमेंटच्या टेबलावर, वाळूच्या पिशव्यांवर बंदूक,
नि तिच्यामागे बाई,
श्वास सोडून बसलेल्या.

बसल्याच.
मला वाटलं, विसरल्या.
मग आठवलं, मुशीत सोनं फिरेपर्यंत
मीही फुंकणी ओठांतून काढत नाही,
बायको हाक मारते तरी.

एक. बराच वेळ. दोन.
आवाज मोठा, पण खांदा
दार लोटल्याएवढाच हलला.

कागद आणला.
चार छिद्रं जवळजवळ, वाटीच्या तळात मावतील अशी.
पाचवं डावीकडं, बोटभर लांब.
"बाभळीचं टोक हललं होतं," त्या म्हणाल्या,
"मी पाहिलं होतं. तरी सोडली."
त्यावर मी काय बोलणार?
हजार पोरींचे कान टोचले मी,
एका पोरीचं भोक चुकलं,
ती अजून सासरहून आली की
केस कानावर घेऊन दुकानासमोरून जाते.

सोमवारी त्यांनी सहाचंच लिहून दिलं.
महिन्याभरानं शंभर गोळ्यांचा डबा आला,
"सारख्या वजनाच्या वेगळ्या काढा."
दोन दुपारी लागल्या.
नव्याण्णव निघाल्या सात मासे, जोडीला जोड.
एक पाव गुंज हलकी.
ती मी बाजूला ठेवली, नथीच्या डबीत.
वहीत मजुरीसमोर काय लिहावं सुचेना,
जागा कोरीच आहे.

बाईंनी डबा नेला, मोजला नाही.
नथ घ्यायला येतं कोणी
तर आधी ती गोळी काढून ठेवावी लागते,
मग विचारतात,
"हे काय हो काका, कशाचा मणी?"