काळी चार

चेंदणीच्या बर्फाच्या कारखान्यात
मी रात्रपाळीला होतो तेव्हाची गोष्ट.
आमचा कम्प्रेसर काळी चारमध्ये घुमायचा.
मला कुठलं ठाऊक? हेमांगीनं सांगितलं,
यशवंत नाखव्याची धाकटी.
तानपुऱ्याला पैसे नव्हते,
म्हणून पहाटे आमच्या भिंतीला
पाठ लावून बसायची.

सातवीत असेल. ओल्या भुशाचा वास,
खाडीचा खारा वारा,
आणि तो एकच सा, तासभर.
मी ओरडायचो, पोरी, पुढं सरक की!

मग कोरसमध्ये, डावीकडून तिसरी.
पाकिटावर नाव हेमलता. तिनं खोडलं नाही.
मग कुणा मोठ्या बाईंसाठी कच्चा ट्रॅक;
बाईंनी ऐकला, चष्मा पुसला,
म्हणाल्या, राहू दे हिचाच.

आता मुलाखतीत ती गुरुजींचं नाव घेते,
कानाच्या पाळीला हात लावते. बरोबरच आहे.
मोटारीच्या पाया कोण पडतं?

एक शुक्रवार मात्र आठवतो.
वीज गेली. कम्प्रेसर धापा टाकत थांबला,
लाद्या पाझरू लागल्या.
मी अंधारात कंदील चाचपत होतो
आणि भिंतीपलीकडे
मोटार चालूच होती.