उशिरा हसणारी बाई

केतकीचा फोन आला, लेस्टरहून :
आजोबा, ती पोस्टमास्तरची मालिका परत काढतायत,
चाळीस वर्षांनी. नट तोच,
आता ब्याऐंशीचा, गुडघे बदललेला.
काउंटरही तोच, नव्याने जुना रंग दिलेला.
काढावी का हो?
जणू माझ्या सहीवाचून अडलं होतं.

मी नाही म्हणालो.
विनोद शेवउसळीसारखा, म्हणालो,
तर्री पडली की उभ्या उभ्या खायचा,
दुसऱ्या दिवशी गरम केला तर शेवेचा लगदा.
ऐटीत बोललो, फोन ठेवला,
आणि एक वाजेपर्यंत जागा.

दांडिया बाजार, जिन्याखालची आमची खोली.
शनिवारी व्हीसीआर भाड्याने,
अनामत म्हणून रेशनकार्ड.
शेजारच्या रजनीभाईंच्या साल्याने तिकडून धाडलेल्या कॅसेटी,
पंधरा माणसं, एक टेबलफॅन,
आणि इंग्रजी समजणारे एकटे तात्या पारसनीस,
औषधांच्या कारखान्यात डिस्पॅचला.

पोस्टमास्तर पडद्यावर काहीतरी खेकसायचा,
तिकडचे लोक हसायचे,
आम्ही तात्यांकडे बघायचो.
तात्या चष्मा कपाळावर सारून सांगायचे :
म्हणतोय, पार्सलात सासूची कवळी आहे,
हलवू नका, चावेल.
मग आम्ही.
रजनीभाई विचारायचे, शुं कीधुं? शुं कीधुं?
त्यांना गुजरातीत पुन्हा सांगितलं की ते हसायचे,
एकटेच, मांडीवर थापा मारत,
तोवर पडद्यावर कुणाची तरी अंत्ययात्रा.

त्या कॅसेटीत एक बाई होती.
दिसली कधीच नाही.
स्टुडिओत बसलेल्या लोकांत कुठेतरी,
सगळ्यांचं हसून झालं की ती हसायची,
उचकी लागल्यासारखी,
बरोबर तात्यांचं वाक्य संपताना.
नली म्हणायची,
हिच्या शेजारीही कुणी मराठीत सांगणारा बसलाय.

गेल्या दिवाळीत केतकीनेच लॅपटॉपवर लावून दिली,
खाली संवादांची अक्षरं.
कानाला न कळणारं इंग्रजी
माझ्या डोळ्यांना कळतं.
कवळी नव्हती.
सासूही नव्हती.
पार्सलात हवामानाचं यंत्र होतं,
आणि जिथे आम्ही एकमेकांच्या अंगावर कोसळलो होतो
तिथे तो नुसता म्हणत होता,
आज मंगळवार आहे.

बारा भाग.
कवळी, सुरतेची मावशी, तिकिटं चाटणारा बोकड,
सगळं तात्यांचं,
जिन्याखाली बसल्या बसल्या रचलेलं,
आणि सोमवारी सकाळी हा माणूस
पुन्हा खोकी मोजायला कारखान्यात.
खरंच कळत नव्हतं त्यांना इंग्रजी,
की कळत होतं आणि पुरत नव्हतं?

विचारायला तात्या नाहीत.
त्यांचा हेमंत भेटला होता, रावपुऱ्यात, टॉवरखाली.
त्याला कवळीचं सांगितलं.
मला सांगताना जमलं नाही, चष्मा वर करायचा राहिला.
तो म्हणाला, असं होय,
घरी फारसं बोलायचे नाहीत.
मग आम्ही पपईच्या भावाबद्दल बोललो.

तर केतकी, काढू देत त्यांना.
नट त्यांचा, गुडघे त्यांचे, काउंटर त्यांचं.
पडली तर त्यांची पडेल.
मी शेवउसळीचं बोललो ते विसर,
मला राग वेगळाच आला होता.
त्यांच्याकडे निदान कॅसेट आहे.

फक्त एक कर.
नव्या वेळी स्टुडिओत लोक बसवणार असतील
तर तिकीट काढ, मागच्या रांगेकडे कान ठेव.
नव्वदीला आलेली कुणी असेल,
सगळ्यांचं झाल्यावर हसणारी.
तिला विचार,
त्या मंगळवारी तिला नक्की काय ऐकू आलं होतं.
आणि कळवताना इथे किती वाजलेत ते बघत बसू नकोस,
मी जागाच असतो.