पन्नास मैलांनंतर

नाइफ रिव्हरच्या अलीकडे टायर बसला, तेव्हा
मी पान्यावर अक्षरशः उभी राहिले होते.
माझे बावन्न किलो, जाकिटाचे दोन,
शिवाय खिशातली सगळी चिल्लर.
नट हलला नाही.

मागच्या हिवाळ्यात कुठल्याशा झटपट दुकानात
हवेच्या बंदुकीनं टर्रर्र करून
तो असा बसवला होता,
जणू हे चाक आता कधी निघायचंच नाही.
लाकडं वाहणारा एक ट्रकवाला थांबला,
पान्याच्या दांड्याला त्यानं लांब पाइप लावला.
चार नट किंचाळत निघाले.
पाचव्याचा बोल्टच तुटला.
अती तिथं माती, हे त्याला इंग्रजीत कसं सांगायचं
सुचेना. नुसतं थँक यू म्हटलं.

लॉर्ना हाउगनचं गॅरेज डुलूथच्या उतारावर.
मी लॅबमध्ये काचपट्टी धरते
तसा तिनं तुटका बोल्ट उजेडात धरला.
"बंदुकीला जायचं कळतं," म्हणाली,
"थांबायचं नाही."

मग काहीच घाई नाही.
तारेच्या ब्रशनं गंज खरवडला,
नवा बोल्ट बसवला,
फेंगला सांगितलं, नट आधी बोटांनी फिरव,
आटे चुकले तर बोटांना पहिल्यांदा कळतं.
फेंग एकोणीस वर्षांचा, कानामागे पेन्सिल.
गोल गोल जायचं नाही,
एक झाला की समोरचा, मग तिरका,
शाळेच्या वहीत हात न उचलता
चांदणी काढायचो, तसं.
टायर जमिनीला टेकेल न टेकेल इतकी गाडी खाली,
आणि मग तो लांब पाना, शहात्तरवर लावलेला.
कट्.
कट्.
पाच वेळा, पाच ठिकाणी.

फेंगनं खात्रीसाठी शेवटचा अजून एकदा ओढला.
लॉर्नानं पाना त्याच्या हातातून काढून घेतला.
"एकदा वाजलं की झालं.
तुला वाटतंय तू विचारतोयस.
तू पिळतोयस."

माझ्या हातात फोन होता.
मॅडिसनला शर्वाणीला सकाळपासूनचा चौथा मेसेज
अर्धा लिहून झालेला:
पोचलीस ना, जेवलीस ना, नक्की
मी तो तसाच पुसला.
कुणी पाहिलं नाही. कॉफीचं मशिन गुरगुरत होतं.

"पन्नास मैलांनी परत या," लॉर्ना म्हणाली.
"कशाला? नीट बसवलंय की."
"नीट बसवलंय म्हणूनच.
नवं लोखंड जरा बसतं, ऊन-थंडी खातं, थोडं सैल होतं.
त्यात कुणाची चूक नसते."

माझं घर ते हॉस्पिटल दोन मैल.
या हिशेबानं दोन आठवडे लागले असते.
रविवारी उठले आणि टू हार्बर्सपर्यंत उगाचच गेले.
जिथं पान्यावर उभी होते ती जागा
ओळखता आली नाही. सगळीकडे तेच बर्च,
तीच पाण्याची करडी भिंत.
बंदरात एक लांबच लांब जहाज
पोटात खनिज भरून घेत होतं.
अर्धं सँडविच खाऊन परत फिरले.
चोपन्न मैल.

सोमवारी फेंगनं एकट्यानं तपासले.
कट्. कट्. कट्.
चौथा पाव वळसा फिरला, मग वाजला.
पाचवा जागेवरच.
त्यानं पुन्हा ओढला नाही.
माझ्याकडे बघून हसला मात्र.

पाकीट काढलं तर लॉर्ना आतून ओरडली,
"परत येण्याचे आम्ही घेत नाही!"

निघताना फोन वाजला. शर्वाणी.
आई, दोन दिवस तुझा काही मेसेज नाही,
बरी आहेस ना?
बरी आहे, म्हटलं. गाडीत आहे.
रेडिओ बंद केला, उतारावरून तळ्याकडे जाताना
चारी चाकांकडे कान लावला.
ऐकण्यासारखं काही नव्हतं.