दार उघडं आहे

डेल्मर हाउगेचा ट्रक रात्री तीनला उठायचा.
आधी छतातला दिवा, मग कोरड्या काचेवर वायपर,
मग हॉर्न.
रग्बी गावाबाहेर, उणे एकतीस अंशांत,
मैलभर दुसरं घर नाही, तरी लाज वाटते, म्हणाला.
इंगा बूट शोधते, मी किल्ली.

दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या त्याच्या.
रोग रेड्याला, औषध पखालीला.
मी हसले नाही, बरंच झालं,
कारण मीही लगेच डाव्या दाराचा स्विच बदलला,
पासष्ट डॉलरचा, नवाकोरा,
आणि रात्री तीनला फोन.
"व्हर्ना," एवढंच म्हणून त्याने
फोन खिडकीबाहेर धरला.
मी ऐकलं.

मग नीट बसले.
बॅटरीच्या ऋण टोकाला मीटर जोडला,
दाराच्या कुलपाला स्क्रूड्रायव्हरने फसवलं,
खटका पडला, गाडीला वाटलं सगळे घरी गेले.
आता थांबायचं. गाड्यांनाही लगेच झोप लागत नाही.
रेडिओ आधी डुलकतो, मग डॅश, मग कुलपं.
चाळीस मिनिटांनी तीस मिलिअँपिअर उरावेत,
घड्याळापुरते, किल्लीची चाहूल घेण्यापुरते.
माझ्या मीटरवर एक पूर्णांक आठ अँपिअर.
आत कुणीतरी टक्क जागं.

एकेक फ्यूज उपटत गेले.
रेडिओ नाही. सीट नाही. ट्रेलरची वायर,
जिच्यावर माझा सगळा संशय, तीही नाही.
एकतिसावा काढला
आणि आकडा विहिरीत दगड पडावा तसा खाली.
पायापाशी, डाव्या पत्र्याआड, काळी डबी,
बॉडी कंट्रोल मॉड्यूल.
दिवे, काचा, कुलपं, हॉर्न, सगळा कारभार हिच्याकडे.
पण कारभाऱ्याला धरायच्या आधी घरच्यांना विचारावं,
म्हणून अर्थिंग तपासलं, वायरी सोडवल्या एकामागून एक,
आणि तिसऱ्या कनेक्टरच्या पिनांवर
हिरवा कळंक.

बोट ओल धरून वर गेलं,
गालिच्यातून, कडेच्या रबरातून,
थेट समोरच्या काचेच्या कोपऱ्यापर्यंत.
ऑक्टोबरात खडी लागून फुटली होती ना? बसवली कुणी?
डेल्मरने टोपी काढली, परत घातली.
"मीच. शेडमध्ये."

आधी काच, मग बाकीचं.
गळती ठेवून नवं बसवणं म्हणजे
त्यालाही वर्षभराची मुदत देणं.

नवं म्हणजे तरी जुनंच,
मायनॉटच्या भंगारवाड्यातून, उलटलेल्या ट्रकातून काढलेलं.
स्कॅनर लावला तर दुसराच नंबर सांगू लागलं.
चार दारं, म्हणे. तीन किल्ल्या.
आमचा दोन दारांचा, किल्ली एक.
टोबिन, माझा पोरगा मदतनीस, म्हणाला, "त्यात कोण होतं?"
मी विचारलं नव्हतं.
सतरा अक्षरं टाकली, मोठ्याने दोनदा वाचली,
बटण दाबताना हात किंचित अडला,
दाबलं.

आता किल्ली.
अकरा वर्षं खिशात वागवलेली, कडा झिजलेली,
आणि गाडी म्हणते, ओळखत नाही.
चावी फिरवून दहा मिनिटं बसायचं,
बंद करायची, पुन्हा दहा, पुन्हा दहा.
डेल्मर आपल्याच सीटवर
परक्याच्या बैठकीत बसल्यासारखा, हात मांडीवर.
डॅशवर कुलपाचं लाल चित्र.
पहिल्यांदा गेलं, मग परत आलं.
बाहेर वारा शटरला ढकलत होता.
तो म्हणाला, सगळे सांगतात, विकून टाक.
मी म्हटलं, हं.
पुढे काही बोलला नाही, मीही नाही.
तिसऱ्या खेपेला चित्र विझलं
आणि इंजिन पहिल्या फेऱ्यात लागलं.

बिलात स्विच धरला नाही. चूक माझी होती.

जुनी डबी फळीवर ठेवलीय, तारीख लिहून.
परवा उगाच तिला बारा व्होल्ट दिले.
आतून रिले टिकटिकला,
थांबला, टिकटिकला.
तिच्यापुरतं दार अजून उघडंच आहे.
कुणीतरी उतरून गेलंय,
किंवा यायचंय.
मी वायर काढून घेतली.